सोनोग्राफीच्या बाकावर

पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ती बाकाच्या टोकाला बसली होती. बालवाडीत शिकवणारी, पोरांनी आठवडाभर पिळून काढलेली. शेजारी येऊन टेकला तो छापखान्यात रात्रपाळीला मुद्रितं तपासणारा तरुण. डोळे तांबारलेले, हातात तशीच बाटली.

“तुम्हालाही... पाणी पाजून, धरून बसवलंय?”

“काठोकाठ. हसवू नका हं.”

आत तातडीचा पेशंट घेतला होता. रांग जागच्या जागी.

“डॉक्टरीणबाईंना तपासताना माझ्या पोटात गाठ लागली,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “कापायची का, ते आज कळेल. घरी सांगितलं नाहीये... आई घाबरते.”

“मी मुतखड्यासाठी नेहमीचाच. खोलीत अंधार असतो. पोटावर गार जेल लावतात, अंगावर काटा येतो तेवढाच. मग एक यंत्र दाबून फिरवतात. दुखत नाही. मध्येच ‘श्वास धरा’ म्हणतात... मागच्या वेळी मी घोरलो.”

ती हसली. मग हसू थांबेचना... आणि ती उठून स्वच्छतागृहाकडे पळालीच.

परतली तेव्हा दाराशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, “ताई, आता परत प्या पाणी. नंबर गेला मागे. दादा, चला तुम्ही.”

“तुमच्यामुळे झालं!” ती त्याला म्हणाली, पण आवाज रडवेला होता. बाटलीचं झाकण तिच्या बोटांना उघडेना.

दहा मिनिटांत सुटून घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच त्याला रात्रभर हवं होतं. तो उठला, आणि तपासणीच्या खोलीऐवजी सरळ स्वच्छतागृहात गेला.

“अहो, हाक मारली ना आत्ताच?” मावशी कडाडल्या.

“धरवलं नाही, मावशी.”

“बालवाडीतली पोरं बरी!”

तो बाकावर बसला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“धरवत होतं तुम्हाला.”

“हो.”

“मग?”

“आत एकटीलाच जावं लागतं... बाहेर आल्यावर तरी कुणी असावं. जे निघेल ते ऐकायला.”

“आणि झोप?”

“झोप काय, उद्याही येईल. तुम्ही... याल की नाही, माहीत नाही.”

 ती बाकाच्या टोकावरून जराशी आत सरकली.

बऱ्याच वेळाने ती तपासणीहून बाहेर आली, तर तो भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला. पाणी प्यायचंही राहून गेलेलं. ती त्याच्याजवळ बसली, त्याच्या कानाशी वाकली.

“साधी पाण्याची गाठ आहे... कापायची नाही म्हणाले.”

डोळे न उघडता तो पुटपुटला, “ऐकलं...”

आणि त्याचं डोकं हळूच तिच्या खांद्यावर आलं.