योद्ध्याच्या बुटावरचा चिखल

गारखेड्यात कुरिअरच्या काउंटरवर शेजारी उभ्या तरुणाचं कोपर माझ्या खोक्यावर पडलं आणि आत काहीतरी कट्कन मोडलं. मी तिथेच खोकं उघडलं. बोटभर उंचीच्या माझ्या योद्ध्याची तलवार तुटली होती.

"आयला... खेळणं हाये का हे?"

"पटावरच्या लढाईच्या खेळातला योद्धा आहे. मी हाताने रंगवून विकते. तुम्ही आत्ता त्याचा जीव घेतलात!"

त्याने योद्धा अलगद तळहातावर घेतला. "चितेगावला साच्यांच्या वर्कशॉपात हाये मी. नवी तलवार करून देतो. अन् बुटाला चिखल लागलाय, पुसू?"

"खबरदार! तो चिखल मी रंगवलाय. लढून आलाय तो."

"मंग लई भारी लढला," तो म्हणाला... आणि हसला. माझा राग तिथेच अर्धा झाला.

करमाडचा गोकुळ. तलवार घेऊन आला, मग येतच राहिला. मूर्ती तो ओतून द्यायचा, रंगवायची मी. योद्ध्यांचे डोळे रंगवताना मी श्वास रोखून धरते. एकदा बघितलं तर समोर हाही श्वास रोखून बसलेला!

"तू कशाला रे?"

"तू सोडलास की मी पण सोडतो."

मी ब्रश खाली ठेवला. गाल तापले होते. पण दोघांपैकी कुणीच पुढचं बोललं नाही.

घरात मात्र हा सगळा 'चारुताचा टाइमपास' होता. बाबांनी पुण्याचं स्थळ आणलं. पाहुणे यायच्या दिवशी मी साडी नेसून बाहेर आले, तर टेबलावर बेंगळुरूच्या ऑर्डरचे सगळे योद्धे चकचकीत... आणि बिनरंगाचे.

"किती मळके होते गं!" आई कौतुकाने म्हणाली. "तुझ्या नखांच्या रिमूव्हरने एकेक घासून काढला."

तिच्यावर ओरडवेना. मी गोकुळला फोन केला.

"रडू नको. नवे ओतलेले हायेत, घेऊन निघालोच."

पोहे झाले. विश्वजीतने, म्हणजे मुलाने, अगदी सभ्यपणे विचारलं, "लग्नानंतर हा छंद बंद करायला हरकत नसेल ना?"

"छे, छे!" बाबांनीच उत्तर दिलं. "नुसता वेळ घालवते ती."

माझं डोकंच फिरलं. "हरकत आहे. छंद नाही, धंदा आहे माझा. तो बंद होणार नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात गोकुळ, काखेत खोकं. चितेगावहून येताना उडालेला पैठण रोडचा चिखल गुडघ्यापर्यंत, थोडा गालावरही.

"हा कोण?" बाबा गरजले.

आता मागे सरायचं नव्हतं. "गोकुळ. माझे योद्धे हा घडवतो. आणि बाबा, लग्न करीन तर याच्याशीच."

"हे... मला कधी सांगितलं नाय तू," गोकुळ पुटपुटला.

"आत्ता सांगतेय. चालेल?"

"व्हय." त्याचे कान लाल झाले. "कवाचा वाट बघतोय."

विश्वजीत पोह्यांच्या बशीत बघून हसू दाबत होता. त्याच्या आईने चपला शोधायला घेतल्या. बाबा पाय आपटत आत गेले. जाऊ देत. उद्या भांडू, परवा भांडू, मी कुठे पळून चालले आहे?

आई मात्र गोकुळकडे बघत उभी होती. मग पदराचं टोक घेऊन त्याच्या गालाकडे निघाली.

"आई, थांब," मी तिचा हात धरला. "तो चिखल पुसायचा नाही."