सारसाचा पाय, वाघाचा पंजा

"पाच वाजता इमादचे अब्बा येतायत. तोपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर उद्यापासून क्लासला येऊ नकोस," ताहिर सर सादला म्हणाले आणि आत निघून गेले.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

साद भिंतीला टेकून बसला. कान लालभडक. इमादला आपण हातसुद्धा लावला नाही, हे तो दोन दिवस सांगत होता. ऐकतंय कोण? बुधवारी कुंग फूच्या क्लासमध्ये दोघांचं भांडण झालं होतं, तेही सगळ्यांसमोर. त्याच संध्याकाळी इमादला सलमानिया हॉस्पिटलला न्यावं लागलं. उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. साद शिकतो कुंग फूतली वाघाची शैली, वाघाचा धक्का जबरदस्त, आणि सादचं डोकं त्याहून गरम. झालं, कोणी बघत नसताना सादनेच ढकललं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. इमाद मात्र गप्प. विचारलं की मान खाली.

"सॉरी म्हणून टाक ना, खलास," क्लासमधला मयुरेश हळूच म्हणाला.

"न केलेल्याचं सॉरी?" साद असा उसळला की मयुरेश दोन पावलं मागे सरला.

त्यांच्याच क्लासमधल्या इक्राचं दोघांकडे लक्षच नव्हतं. ती दारावरच्या पोस्टरला नाक लावून उभी होती. सुट्टीतल्या कार्यक्रमाचं पोस्टर. नजीब मामूंनी कालच चिकटवलेलं. मामू म्हणजे इमादचे सख्खे मामा. बहारीनमधल्या हूरा भागातल्या या हॉलची चावी त्यांच्याकडेच असायची. पोस्टरवर इमाद. एक पाय वर दुमडलेला, दोन्ही हातांचे पंजे ताणलेले.

"पाय सारसाचा आणि पंजे वाघाचे," इक्रा म्हणाली.

"मग? भारी दिसतंय," मयुरेश म्हणाला.

"सर असं शिकवतील?"

शक्यच नव्हतं. सरांकडे प्रत्येकाला आधी तीन महिने घोड्याची बैठक. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, मांड्या पेटेपर्यंत. सगळे प्राणी त्या एका बैठकीतूनच निघतात, असं सर सांगायचे. पुढे मात्र वाटा वेगळ्या. वाघ दोन्ही पाय जमिनीत रोवतो. त्याचा जोर जमिनीतून कंबरेत आणि कंबरेतून पंजात येतो. सारस टक्कर घेतच नाही. तो एका पायावर हलका उभा राहतो, वार बाजूने जाऊ देतो आणि मग चोच मारतो. सारसाच्या पायावर वाघाचा जोर लावला तर खाली आधारच नाही. इक्रा स्वतः सारस शिकत होती. एकदा गंमत म्हणून तिने असंच केलं होतं आणि दणकन आपटली होती.

मग तिला शर्ट दिसला. पिवळा, नवाकोरा. हे शर्ट बुधवारी क्लास सुटताना वाटले होते, आणि साद तर त्याआधीच वडिलांच्या गाडीतून गेला होता. त्याचा शर्ट अजून कपाटात पडला होता.

म्हणजे हा फोटो साद गेल्यावरचा. आणि फोटोत इमादचा हात धडधाकट.

"मयुरेश, त्याच्या गुडघ्यामागे बघ. एसी आहे."

मयुरेशने मान वर करून भिंतीवरचा एसी शोधला. "इतका वर? हा उभा कशावर आहे?"

गुडघ्याखालचा फोटो कापलेला होता.

बरोबर पाचला अब्बा आले. सोबत हात गळ्यात बांधलेला इमाद, मागे नजीब मामू. अब्बांनी तोंड सोडलं ते सादवरच. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं म्हणजे ओरडा नक्की. तरी इक्रा पुढे झाली आणि शर्टाचं सांगितलं. सरांनी कपाट उघडलं. सादच्या नावाचं पाकीट न फोडलेलं होतं.

मामू हसले. हो, फोटो आपणच काढला, पोरगा दोन सेकंद टेबलावर उभा राहिला आणि उतरला, त्यात काय एवढं, म्हणाले.

"मग तुम्ही करून दाखवा ना, मामू. टेबल नको, गादीवरच."

"यल्ला, बघच आता," मामू म्हणाले. पोरीसमोर माघार कशी घेणार? एक पाय वर, पंजे पुढे. सर डोळे बारीक करून बघत होते. इक्राला काय दाखवायचंय ते त्यांना कळलं होतं.

"आता पंजा मारा. जोरात."

मामूंनी मारला. हाताबरोबर अंग पुढे गेलं, पाय सुटला आणि मामू उजव्या खांद्यावर धप्पकन आदळले.

"मी असाच पडलो," इमाद म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मामू म्हणत होते, अजून जोरात मार, फोटोत दम दिसला पाहिजे. टेबल हललं. आणि घरी सांगितलं तर अब्बा त्यांना गावी पाठवतील, म्हणून..."

मामूंना वर बघवेना. अब्बा त्यांच्याकडे वळले. "घरी बोलू," एवढंच म्हणाले.

सरांनी पोस्टर ओढून काढलं. "इक्रा, मी हा फोटो फोनवर तीनदा पाहिला. पिवळा रंग छान आलाय, एवढंच सुचलं मला. यापुढे आधी तू बघायचं, मग मी." मग ते सादकडे वळले. "उद्या वेळेवर ये. मी तुझं ऐकायला हवं होतं."

अब्बा सादसमोर उकिडवे बसले. "बेटा, चुकलं माझं."

सादने दोन दिवस बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण मागे इमाद एका हाताने डोळे पुसत तसाच उभा होता.

"त्याला आधी बसू द्या," साद म्हणाला आणि खुर्ची ओढत घेऊन आला.