एक मिनिट रिकामी खोली

खरं की खोटं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी शपथा घेत बसणार नाही. वाद घालायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

पण तारीख सांगते. १८ नोव्हेंबर २०१४. मंगळवार. दुपारचे सव्वादोन. पोलंडमधल्या लुब्लिन शहरातला आमचा तळघरातला स्टुडिओ.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. बाहेर लख्ख दुपार होती आणि माझे पाय ठणकत होते.

मी मिरका. वय अठ्ठावन्न. अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात ना, ती साफ करायचं काम माझं. एकतीस वर्षं झाली. वाचणारा वाचून घरी जातो. मग मी कानाला हेडफोन लावून बसते आणि त्याचे श्वास कापते. खाकरणं कापते. पोटातली गुरगुरसुद्धा कापते. असं काम असतं हे जगात कुणाला माहीतही नसतं, आणि बरंच आहे.

आमचे वाचक झेनोन. सहासष्ट वर्षांचे. टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की नायक, नायिका, खुनी, प्रेत, सगळ्यांचं बोलणं आमच्या भाषेत हे एकटेच वाचतात. एकाच सपाट आवाजात. अख्खा देश त्यांचा आवाज ओळखतो, पण दुकानात रांगेत त्यांना कुणी पुढे जाऊ देत नाही.

त्या महिन्यात आमच्याकडे एक भुताची कादंबरी आली. आणि त्याच कादंबरीवरचा सिनेमाही आला. दोन्ही झेनोनच वाचणार होते.

कादंबरीत तसं काहीच नव्हतं. डोंगरातल्या घरात एक विधवा. रोज संध्याकाळी कुणीतरी जिना चढून येतं आणि दाराबाहेर थांबतं.

बस्स. साडेतीनशे पानं ते दाराबाहेरच थांबतं. कोण आहे, कसं दिसतं... शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

सिनेमात बाराव्या मिनिटाला दार उघडतं. बाहेर पांढऱ्या चेहऱ्याची बाई उभी. तो प्रसंग वाचून झाला आणि झेनोन माईकसमोरच फस्सकन हसले.

"मिरकाबाई, हिच्यापेक्षा आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी भयंकर दिसते हो!"

पण कादंबरीचं अकरावं प्रकरण वाचताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मी काचेतून बघत होते.

त्यांच्या मागे नुसती भिंत होती.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. मान अवघडली."

मी पुढे विचारलं नाही. घरी जायची घाई होती.

१८ तारखेला पुस्तक वाचून संपलं.

आता एक गोष्ट समजून घ्या. शांतता कोरी नसते. प्रत्येक खोलीची वेगळी असते. म्हणून वाचन संपलं की सगळ्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं आणि रिकाम्या खोलीचं एक मिनिट ध्वनिमुद्रित करायचं. पुढे जिथे जिथे श्वास कापला, तिथे त्या मिनिटातला तुकडा जोडायचा. ठिगळ लावतात तसं.

नियम एकच. ते मिनिट आधी नीट ऐकायचं.

त्या दिवशी मी ऐकलं नाही. झेनोन आणि मी बोळात उभे राहून कांदा लावलेला पाव खात होतो. दार बंद. किल्ली माझ्या खिशात. रिकाम्या खोलीत काय असणार, म्हटलं. दमले होते मी. रोजच दमलेली असते.

ते मिनिट मी अख्ख्या पुस्तकात नऊशे ठिकाणी जोडलं.

पहिली सीडी नेहमीसारखी आईकडे गेली. आई, स्तेफानिया, चौऱ्याऐंशी वर्षांची. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने तिचे डोळे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी रोज संध्याकाळी ट्रॉलीबसने सूप घेऊन जाते.

चौथ्या दिवशी आईने विचारलं, "झेनोनबरोबर ती बाई कोण आहे गं?"

"कुठली बाई?"

"पुस्तकात. तो थांबला की ती श्वास घेते."

"आई, श्वास मी सगळे कापलेत. तेच काम आहे माझं."

"झेनोनचे कापलेस. तिचे राहिले."

चिडलेच मी. एकतीस वर्षांत कुणी माझ्या कामात खोट काढली नव्हती. ताट आपटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिनिट लावलं. डोळे मिटून ऐकलं.

दहा सेकंद. वीस. तीस. काही नाही.

एक्केचाळिसाव्या सेकंदाला...

श्वास.

आत घेतलेला. बाईचा. अगदी जवळून, माईकला ओठ लागतील इतक्या जवळून.

असा श्वास माणूस कधी घेतो, मला विचारा. बोलायच्या आधी घेतो. असा श्वास ऐकला की पुढे वाक्य असतंच. मी आयुष्यभर तेच कापत आलेय.

इथे पुढे काहीच नव्हतं.

मी झेनोनना बोलावलं. "आपण दोघं बाहेर होतो ना?"

"होतो की."

"मग हे ऐका."

त्यांनी हेडफोन हातात घेतला. कानाला लावलाच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नवीन मिनिट घ्या, मिरकाबाई," ते म्हणाले. "आणि मला ऐकवू नका. मला अजून त्या पुस्तकातली वाक्यं झोपेत ऐकू येतात."

"आणि सिनेमातली?"

"त्यातलं एक आठवत असेल तर शपथ."

चार दिवस खपून मी सगळी ठिगळं उसवली आणि नवी लावली. आईकडची सीडी आणून दोन तुकडे केले.

पुस्तकातून ती गेली.

आईच्या घरातून गेली नाही.

आई जेवेनाशी झाली. दाराकडे तोंड करून बसायची. मी बोलत असले की हात वर करायची.

"गप्प... आत्ता घेतला."

मी कान टवकारायचे. हे कान झुरळ चाललेलं ऐकतात. पण मला काहीच ऐकू यायचं नाही... काहीच.

पंधरा दिवसांत तिचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. सूप तसंच राहायचं. वर साय धरायची.

"आई, माझ्याकडे चल राहायला."

"नको. तिला काहीतरी सांगायचंय. सारखी सुरुवात करते आणि थांबते. मी गेले तर ती कुणाला सांगेल?"

"गेली उडत! तू दोन घास खा आधी!"

"ओरडू नकोस गं. त्यात ऐकू येत नाही."

मला रडू फुटलं. भूतबीत गेलं खड्ड्यात, माझी आई डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मला दुसरं कुणी नाही. नवरा नाही, मूल नाही. ती गेली तर संध्याकाळी ट्रॉलीबसमध्ये बसून मी जाणार कुठे?

तेव्हा मला तो सिनेमा आठवला.

झेनोन हसले होते ना. मग आईही हसेल. एकदा समोर आलं की त्यात घाबरण्यासारखं काय उरतं?

शनिवारी भर दुपारी तिला सोफ्यावर बसवलं आणि सिनेमा लावला. झेनोनचा आवाज होताच. पडद्यावर जे दिसत होतं ते मी शेजारी बसून सांगत होते.

"आता दार उघडलं. बाई आहे, आई. तोंडाला पीठ फासलंय. केस ओले. डोळे हिरवे, बल्ब लावल्यासारखे."

"चप्पल घातलीय का?"

"अनवाणी आहे."

"डिसेंबरात? सर्दी होईल मेलीला!"

आणि आई हसली. खो-खो हसली. त्या दिवशी तिने बटाटा भरून उकडलेले सहा पिएरोगी खाल्ले, वर साय मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. इतकं बरं वाटलं.

दोनच दिवस.

सोमवारी सूप पुन्हा तसंच.

"आई, अगं पाहिलंस ना तिला? मी सांगितलं ना कशी दिसते?"

"ती सिनेमातली गं. तू सांगितलंस आणि संपली ती. पुस्तकातली कुणी सांगितलीच नाही. ती मला माझी मलाच आणावी लागली." आईने दाराकडे बोट केलं. "मी हिला विचारलं, तू तशी दिसतेस का?"

"मग?"

"श्वास घेतला. या खेपेला लांब."

मी ताट उचललं, धुतलं, घरी आले.

२१ डिसेंबर. रविवार. दुपारी बाराला मी आईचं दार उघडलं.

आई जेवत होती. आपल्या हाताने. पाव, चीज, कालचा बटाटा. भुकेल्यासारखी.

"बोलली ती," आई म्हणाली.

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. "काय बोलली?"

आईने हात पुसले. मला जवळ बोलावलं. दोन्ही हातांनी माझा चेहरा चाचपला. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी... हळूहळू. डोळे गेल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं.

"आई, काय म्हणाली ती?"

"तुला सांगितलं तर तू कापून टाकशील," ती हसत म्हणाली.

हात मात्र माझ्या गालावरून काढला नाही.

"सांग ना गं..."

"चल. येते मी तुझ्याकडे राहायला. आजच येते."

इतके दिवस हातापाया पडत होते मी. आणि आता तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

सध्या फेब्रुवारी चालू आहे. आई माझ्याकडे आहे. पोटभर जेवते. शांत झोपते. दाराकडे तोंड करून बसत नाही. विचारलं तर म्हणते, "गेली ती. तिचं काम झालं." काय म्हणाली ते सांगत नाही. मी गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं, भांडून पाहिलं.

मला हायसं वाटायला हवं होतं.

पण आई एकेक गोष्ट शिकतेय.

चहा ओतायला शिकतेय. कपाच्या काठावर बोट ठेवून, किती भरला ते बघत. बोट भाजतं, तरी. दुकानापर्यंतची पावलं पाठ करतेय. गोळ्यांच्या डब्यांना दोरे बांधतेय, सकाळची एक गाठ, रात्रीच्या दोन. परवा शेजारच्या दानुताला विचारत होती, "मंगळवारी दवाखान्यात मला तू नेत जाशील का गं?"

सहा वर्षं हे सगळं मीच करत आलेय.

मी डॉक्टरकडे जाऊन आले. माझं रक्त, हृदय, सगळं तपासलं. काही नाही म्हणाले. दमलात तुम्ही, विश्रांती घ्या, म्हणाले.

काल संध्याकाळी माझा तोल गेला. ओरडलेच तिच्यावर.

"आई, मी आहे ना! कशाला हवंय तुला हे सगळं?"

आईने किटली खाली ठेवली. माझा चेहरा पुन्हा एकदा चाचपला.

मग तिने कप रिकामा केला, काठावर बोट ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून चहा ओतायला घेतला.