नळीवरचे बोट

रोहण्याहून देवकाबाई नवऱ्याला घेऊन सकाळच्या एसटीने वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आली, ती १९८४ च्या मार्गशीर्षात. काम साधे होते. महादेवराव घोरत, घोरता घोरता त्यांचा श्वास थांबे, आणि दिवसा गाडी हाकतानाही डोळा लागे. झोपेवर प्रबंध लिहिणाऱ्या तरुण डॉक्टर प्रेमदासने सांगितले, एक रात्र यंत्राला जोडून निजवून पाहू.

देवकाबाईच्या गळ्यात, मंगळसूत्राशेजारी, चांदीचा टाक होता. त्यावर कोरलेली बाई म्हणजे कोकिळा, महादेवरावांची वारलेली पहिली बायको. दुसरेपणाच्या बायकोने सवतीला असे गळ्यात वागवायचे, अशी रीत. अकरा वर्षे तिने ती निमूट पाळली. पूर्णपणे तिची अशी एकच गोष्ट होती: श्वास अडला की खांद्याला धक्का देऊन नवऱ्याला परत आणणे. 'माह्या हातानं जगून राह्यला हा मानूस,' असे ती शेजारणींना ऐकवी.

त्या रात्री डॉक्टरने तिला काचेअलीकडे बसवले आणि हात लावायचा नाही, असे बजावले. खाटेजवळच्या मायक्रोफोनमधून घोरणे ऐकू येत होते. मग ते थांबले. कागदावरची श्वासाची रेघ आडवी पडली. वीस सेकंद. चाळीस... देवकाबाईचा हात आपोआप उचलला गेला. तेवढ्यात महादेवराव दचकले आणि श्वास परतला. पहाटेपर्यंत असे कितीतरी वेळा झाले.

"मी नसली तं... ह्याईले कोन उठवते?" तिने हळूच विचारले.

मेंदूच जागा करतो, असे डॉक्टरने समजावले. तिने मान डोलावली. पण हात टाकाकडे गेला होता.

उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, म्हणजे श्वास अडणारच नाही. महादेवराव कचरत होते. त्यांचा अंगठा संमतीच्या कागदावर तिनेच उमटवून घेतला. श्वासच अडला नाही, तर रात्री त्यांच्या उशाशी कोकिळेला यायचे कारणच उरणार नव्हते.

शस्त्रक्रिया नीट झाली. नळी उघडी असली की आवाज फुटत नसे. बोलायचे तर नळीच्या तोंडावर बोट दाबावे लागे. ते बोट देवकाबाईने आपल्याकडे घेतले. महादेवरावांनाही ती स्वतःचे बोट लावू देईना. नर्स प्रमिलाबाई चिडवी, की बाई, आता भांडणसुद्धा तुमच्या परवानगीने. देवकाबाई गालात हसे.

दहाव्या दिवशी पुन्हा रात्रभर तपासणी. झोपेत तारा ओढल्या जाऊ नयेत, म्हणून डॉक्टरने महादेवरावांची मनगटे खाटेला पट्टीने बांधली. श्वासाची रेघ संथ लाटांसारखी चालली. अकरा वर्षांत प्रथमच देवकाबाईला बसल्या बसल्या झोप लागली.

तीनच्या सुमारास आवाजाने ती जागी झाली. मायक्रोफोनमधून महादेवराव बोलत होते, स्वच्छ, हळू आवाजात.

"आता नाई अडत श्वास..." मग ऐकल्यासारखे थांबले. "थे बाहीर बसली हाय... नाई, तिले नाई सांगत."

रेघ आडवी होती. काचेपलीकडे ते एकटे होते, डोळे मिटलेले, मनगटे बांधलेली.

ती आत धावली, तेव्हा श्वास परत सुरू झाला होता. मागून आलेल्या डॉक्टरने नळी तपासली. ती मोकळी होती. वहीत वेळ लिहून तो थबकला आणि पुढे एवढेच लिहिले: नळी कशाने बंद झाली, ते दिसले नाही.

देवकाबाईने नवऱ्याच्या कानाशी वाकून नळीवर बोट ठेवले. "कोनासंग बोलत होते?"

महादेवरावांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे..." ते म्हणाले, "हे कोनाचं बोट हाय?"