चोवीस व्होल्टची जीप

धावजी राठोड दुकानात आले तेव्हा मी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी भरत होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि उमरखेडच्या ढाणकी रोडवरचं डांबर आतापासूनच मऊ पडायला लागलं होतं. ते पायरीवरच उभे राहिले. सत्तरीचे असतील. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, पायांवर लाल धूळ.

"बाई, जीपले बॅटऱ्या पाह्यजेत. दोन."

"कोणती जीप, काका?"

"जुनी. मिलिट्रीच्या लिलावातली. डिझेल. चारी चाकं ओढते."

आमच्या तालुक्यात तशी एकच जीप आहे. मी हातातलं नरसाळं खाली ठेवलं.

माझं नाव प्रेरणा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि वडील गेल्यावर त्यांचं बॅटरीचं दुकान हाती घेतलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. मीटर जे दाखवतो तेवढंच मी गिऱ्हाइकाला सांगते. नजर लागली म्हणून गाडीच्या पुढं लिंबू बांधणाऱ्यांनाही मी आधी वायर दाखवते. ही गोष्टही मी तशीच सांगणार आहे, जे झालं तेवढंच.

ती जीप धावजींच्या मुलाची होती, सुनीलची. त्यांच्या तांड्याच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये खडकीचा नाला आहे. पावसाळ्यात तांडा कधी दिवस दिवस तुटतो. सुनीलनं ती जीप लिलावातून आणली, स्वतः उभी केली, आणि बाळंतिणी, साप चावलेले, तापानं फणफणलेली पोरं त्या नाल्यातून काढून उमरखेडच्या दवाखान्यात आणायला लागला. एकोणतीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका बाईला दवाखान्यात सोडून एकटाच परत जाताना जीप नाल्यात बंद पडली आणि वरून लोंढा आला. सगळ्या तालुक्याला हे माहीत आहे. सगळा तालुका त्याच्या मयतीला गेला होता. मी गेले नव्हते.

"आता चालवता कोण?" मी विचारलं.

"पुतण्या हाये माहा, लालसिंग. मेकॅनिककडून इंजन खोलून घेतलं त्यानं. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या बाहेरून लावून चालू करून पाह्यलं, चालते. पंधरा दिवसात पाणी लागते, बाई. अन् पोरगी आली हाये घरी, वर्षा. पह्यलं बाळंतपन. जुलैत दिवस भरते तिचे." त्यांनी रॅककडं पाहिलं. "या वेळी दोन्ही नव्या पाह्यजेत."

'या वेळी' हे त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटलं.

त्या जीपला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून. अशा जोडीत एक नवी आणि एक जुनी बसवली तर जुनी नवीलाही खाली ओढते. सुनील तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला तेव्हा हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी दुकानात त्या मापाची एकच बॅटरी होती आणि त्याला घाई होती. मी म्हटलं होतं, "सध्या एकीवर भागेल, दुसरी दिवाळीत बदला." दिवाळीत त्यानं विचारलं नाही आणि मी आठवण केली नाही.

मी रॅकवरून चार बॅटऱ्या काढल्या. जुन्या डिझेल इंजिनाला सुरू होताना मोठा झटका लागतो, म्हणून शंभर अँपिअरच्या घेतल्या. ट्रेमध्ये उंची बसते का, टर्मिनल वायरींच्या बाजूला येतात का, ते पाहिलं. मग कंपनीचा महिन्याचा शिक्का पाहून एकाच महिन्याच्या दोन निवडल्या. दोन्हींचा आकडा सारखा आला, बारा पॉइंट सात. धावजींनी दोन्हींवर तळहात ठेवला.

"एकाच घाण्यातल्या ना?"

"एकाच."

"आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ वाहत. म्हातारा बैल अन् गोऱ्हा एका जुवाले कधी लावत नव्हते." मग हळूच म्हणाले, "तुमीच या बसवाले. सेल्फचं कायतरी हाये, ते तितंच पाहा लागते."

"काय आहे सेल्फचं?"

"तुमीच पाहा."

जेवण करून मी माझ्या छोट्या पिकअपमध्ये बॅटऱ्या टाकल्या आणि आम्ही निघालो. ढाणकीच्या पुढं साग उघडे पडले होते. पानं रस्त्यावर आवाज करत सरकत होती. खडकीचा नाला पार कोरडा होता, नुसते पांढरे गोटे. काठावर एक पळस आहे. त्याच्या फांद्यांत, माझ्या पिकअपच्या टपापेक्षा उंच, वाळलेला पालापाचोळा आणि कापडाच्या चिंध्या अजून अडकलेल्या होत्या. पाणी तिथवर आलं होतं. धावजींनी मान खाली घातली आणि नाला पार होईपर्यंत वर केली नाही.

जीप घराला लागून टिनाच्या छपरीत उभी होती. हिरवा रंग उडालेला, खाली गंजाचा पट्टा. तिच्यासमोर बाजेवर एक म्हातारी बसली होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हात मांडीवर. सुनीलची आई, बसंतीबाई. तिनं मला पाणी दिलं आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसली.

"दुपारभर इतंच बसते ते," धावजी म्हणाले. "वर्षाले आन् लालसिंगले आज मुद्दाम ढाणकीले धाडलं. पोटुशीसमोर हे नको."

"हे म्हणजे काय, काका?"

त्यांनी बोनेट उघडलं.

दोन्ही बॅटऱ्या ट्रेमध्ये होत्या, वाळलेल्या गाळानं माखलेल्या. एकीवर माझ्या दुकानाचं स्टिकर होतं. पाण्यानं फिकं पडलेलं, पण तारीख वाचता येत होती. अक्षर माझंच. मी अंगठ्यानं गाळ पुसला आणि मीटर लावला. एकीत पावणेदोन व्होल्ट, दुसरीत अर्ध्या व्होल्टाहून कमी.

"मेल्यात दोन्ही," मी म्हटलं. "ह्यांच्यावर साधा बल्ब पेटणार नाही."

"मंग सेल्फ कोन मारते?" बाजेवरून बसंतीबाई म्हणाली.

मी मागं वळून पाहिलं. ती जीपकडे पाहत होती.

"रोज मारते," ती म्हणाली. "चार वाजले का मारते."

मी धावजींकडे पाहिलं. त्यांनी कमरेच्या करदोट्याला बांधलेली किल्ली काढून दाखवली. "चाबी माह्याजवळ राह्यते. नाल्यातून गाडी आणली तवापासून आईकून राह्यलो. मले वाटलं, बॅटरीत जीव असन थोडा. म्हनून तुमाले आणलं."

मी त्यांना समजावलं. रिले गंजून चिकटला असेल, वायरीचं रबर वितळलं असेल, दुपारी टिन तापला की धातू पसरतो. बोलताना मला स्वतःलाच पटत होतं. दोन व्होल्टांवर सेल्फ फिरत नाही, एवढं मात्र मी बोलले नाही.

"आधी जुन्या काढते," मी म्हटलं. "म्हणजे प्रश्नच मिटेल."

नट गंजले होते, वेळ लागला. मी क्लॅम्प सोडवले, दोन्ही बॅटऱ्या उचलून बाहेर भुईवर ठेवल्या. ट्रे रिकामा झाला. जाड वायरींची टोकं हवेत लोंबत होती, एकमेकींपासून हातभर लांब. मी पान्हा पुसला आणि नव्या आणायला पिकअपकडे वळले. मोबाइलमध्ये पाहिलं, चार वाजून तीन मिनिटं.

खर्रर्र.

मी जागीच थांबले.

खर्रर्र.

आवाज इंजिनातूनच येत होता. जड, ओढल्यासारखा, बॅटरी बसत आली की येतो तसा. मी परत बोनेटपाशी आले. ट्रे रिकामा होता. वायरी तशाच लोंबत होत्या.

खर्रर्र. माझ्या डोळ्यांसमोर पंख्याचं पातं चार बोटं सरकलं आणि थांबलं.

टिनावर एक चिमणी उतरली, तिच्या नखांचा आवाज ऐकू आला.

"तीनदा झालं," बसंतीबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, पोराच्या सवयी सांगतात तसा. "आता पाच मिनटं चूप राह्यते. मंग एकडाव मारते. मंग उद्याच."

"पाच मिनिटं?"

"मोजून. काहून थांबते कोनाले ठाव."

मला ठाऊक होतं.

त्या दिवशी चार वाजून गेल्यावर माझा फोन वाजला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. सुनील बोलत होता, मागं पाण्याचा आवाज. "ताई, नाल्यात बंद पडली. सेल्फ उचलत नाही, तीनदा मारला." मी विचारलं, पाणी किती आहे. म्हणाला, चाकाच्या निम्मं. मी म्हटलं, "आता मारू नका, बॅटरी पार बसेल. पाच मिनिटं गाडीतच थांबा. तिला दम घेऊ द्या. मग एकदाच मारा." तो म्हणाला, "बरं ताई." मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला पावती दिली.

सल्ला बरोबर होता. बॅटरीला विसावा दिला तर ती एक झटका देते, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. साडेचारला मी त्याला फोन लावला. लागला नाही. त्याचा फोन पुढं कधी सापडला नाही, आणि तो शेवटचा कोणाशी बोलला हे मी दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही.

मी मोबाइल पाहिला. चार वाजून सहा.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. फाटलेलं रेक्झिन, त्यातून बाहेर आलेला काथ्या.

दोन मिनिटं राहिली होती.

मी दारापाशी गेले. मला लाज वाटली, भीतीही वाटली, पण त्याहून जास्त जे वाटलं त्याला मला नाव नाही.

"सुनीलभाऊ," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. "सुनीलभाऊ, मी प्रेरणा. बॅटरीवाली. थांबू नका."

धावजींचा हात बोनेटवरून खाली आला.

"मी चुकीचं सांगितलं. गाडी जाऊ द्या. पाणी वाढतंय. थांबू नका, उतरा. आत्ता उतरा."

काही झालं नाही.

चार वाजून सात.

चार वाजून आठ.

शेवटच्या सेल्फचा आवाज आला नाही.

त्याऐवजी ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंगची कमान करकरली. जीपचं अंग त्या बाजूनं दोन बोटं वर उचललं गेलं, आत बसलेलं माणूस उतरलं की उचलतं तसं. मग ती सरळ झाली आणि स्थिर राहिली.

मी दाराच्या अगदी समोर उभी होते. माझ्या दंडाला काहीही लागलं नाही. फक्त ओल्या मातीचा वास आला, मे महिन्यात, त्या तापलेल्या टिनाखाली. तोही लगेच गेला.

बसंतीबाई बाजेवरून उठली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं घेतला आणि एक पाऊल बाजूला सरकली, कुणाला वाट द्यावी तशी. मग ती घरात गेली, पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यावर ठेवला, बाहेरून आलेल्यासाठी ठेवतात तसा. ठेवताना तिच्या बोलीत ती एवढंच म्हणाली, "आव, छोरा."

मग ती तिथंच बसून रडायला लागली. मोठ्यानं. दोन वर्षांत ती रडली नव्हती, असं धावजींनी मला नंतर सांगितलं.

मी नव्या बॅटऱ्या बसवल्या. धावजींनी क्लॅम्प धरून दिले. टर्मिनलला ग्रीस लावलं, पट्टा आवळला. पहिल्याच किल्लीला इंजिन धरलं. मागून काळा धूर निघाला, मग पांढरा, मग काहीच नाही. पाच-सात मिनिटं चालू देऊन धावजींनी ते बंद केलं. आम्ही दोघं बोनेटच्या दोन बाजूंना उभे होतो.

"त्यानं तुमाले फोन लावला व्हता," ते म्हणाले.

"हो."

"मी दोन वर्सं समजून राह्यलो का त्यानं कोनालेच लावला नाही. माह्या फोनले रेंज नव्हती त्या दिवशी. एकटाच व्हता, वाटे."

"मी त्याला थांबवलं, काका."

त्यांनी दोन्ही नव्या बॅटऱ्यांवर तळहात ठेवला. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मीही मागितलं नाही.

"कोनाशी तरी बोलला," ते शेवटी म्हणाले आणि बोनेट खाली घेतलं.

जुन्या बॅटऱ्या मी बरोबर आणल्या नाहीत. त्यांनी दिल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. निघताना बसंतीबाई उंबऱ्याजवळच बसलेली होती, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण डोळे उघडले नाहीत.

जूनमध्ये मी रोज चार वाजता दुकानात उभी राहत असे, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धावजींचा फोन आला.

"मुलगी झाली, बाई. वर्षाले. लालसिंगनं काल काढलं नाल्यातून. बॉनेटवरून पाणी गेलं, पन गाडी मधात अटकली नाही."

मी विचारलं, "काका, तो आवाज? पुन्हा आला?"

"नाही. त्या दिवसापासून नाही."

"बरं झालं."

तिकडं पाऊस पडत असल्याचं मला ऐकू येत होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "फक्त उंबऱ्यावरचा तांब्या आपोआप रिता होते, दिवसातून चारदा भरा लागते."