मोळीचं वजन

"जरा थांबता का... मोळी तोलायची होती."

डोंगर उतरताना वाटेत हा उभा, हातात लोंबता काटा. महाडचा महिपत. आमच्या कापडे गावात घरोघरी रोज किती सरपण जळतं, ते मोजायला पुण्याच्या संस्थेनं पाठवलेला.

"मोळी तोला साहेब," मी म्हटलं. "मान दुखते ती कशात तोलनार?"

त्यानं हसू दाबलं आणि खरंच वहीत लिहिलं — मान दुखते. झालं, तिथंच माझं काळीज गेलं.

त्याची रीत साधी. सकाळी ढीग तोलायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला तोलायचा. एका घरी सात दिवस. पण सात दिवस मला कसे पुरावे? तो वळला की मी ढिगातली चार लाकडं उचलून शेजारच्या रखमाकाकूच्या पडवीत टाकायची. मग तो कपाळाला आठ्या घालायचा.

"दोन माणसं, आणि चौदा किलो? उद्या पुन्हा येतो."

"या की. चूल कुठं पळून जात नाय."

असे एकोणीस दिवस आला. आय खोकत खोकत चहा ठेवायची, तो धुरात डोळे पुसत प्यायचा... आणि मी त्याच्या ओल्या पापण्या बघत बसायची. लाज म्हणून नव्हती मला.

शेवटी शाळेत गाव जमवून त्यानं आकडे वाचले. "चुकलं असेल तर सांगा. यावरूनच तुम्हाला मिळणाऱ्या बिनधुराच्या चुलीचं माप ठरणार आहे." माझ्या घरचा आकडा आला, बायका खुसखुसल्या. आयला तेवढ्यात ढास लागली. चुलीचं माप चुकलं तर हा धूर तिच्या छातीत तसाच राहणार होता.

मी उठले. "तो आकडा खोटा हाय. लाकडं मी लपवली."

बाहेर एसटीपाशी त्यानं हळूच विचारलं, "का, शकू?"

"तुमी परत यावं म्हनून..."

त्यानं काट्याचा हूक चाळवला. "तुझं घर मोजणीतून गाळावं लागेल आता," एवढंच म्हणाला आणि गाडीत चढला.

चार महिने गेले. मोळी घेऊन डोंगर उतरताना, तो पहिल्यांदा भेटला त्या वळणावर रोज पाय थांबायचे. फार आठवण यायची, खोटं कशाला बोलू.

मग टपालानं छापील अहवाल आला. माझ्याच नावावर. कापड्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं — 'घरे एक्केचाळीस, मोजलेली चाळीस. एका घरी पुन्हा जाणे आवश्यक.' शेजारी पेनानं लिहिलं होतं, 'दिवाळीनंतर येतो. मानेचं अजून राहिलंय.'

आयला वाचून दाखवलं. ती चुलीत फुंकर घालत म्हणाली, "मंग रखमाकडची लाकडं आन गो माघारी."