ब्रह्मकपालावरचा भात

यात्रेहून सुखरूप आलं की मावंदं घालायचं, गंगेच्या तांब्याची पूजा करायची, चार माणसं जेवू घालायची. कुमुदताईंनी ते रविवारी भर दुपारी, नवीन पनवेलच्या आपल्या फ्लॅटमध्ये घातलं. पुरण शिजलं होतं, दहा पानं मांडली होती, आणि बाई तांब्याला हळदकुंकू वाहता वाहता बद्रीनाथचं वर्णन करत होत्या.

"हिमालय काय, बघतच राहावा! सकाळी शिखरं अशी सोनेरी होतात की तोंडून शब्द फुटत नाही. आणि खाली बघावं तर खेचरांची लीद, प्लास्टिकच्या बाटल्या, अन् कळंबोली नाक्याला लाजवेल असा ट्रॅफिक जाम!"

"आणि घाटात या डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, ते नाही सांगणार," शेजारच्या दमयंतीने टोमणा मारला. ती यात्रेला बरोबरच होती. सगळे हसले. कुमुदताईही हसल्या, पण ओठांपुरत्याच.

त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ सत्यजीत ट्रेकला म्हणून त्याच डोंगरांत गेला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, ज्योतिषी झाले. आई शेवटपर्यंत म्हणायची, "माझा सत्या आहे. त्याच्या नावाने पाणी सोडाल तर याद राखा." गेल्या वर्षी आईही गेली.

बद्रीनाथला ब्रह्मकपालावर, अलकनंदेच्या काठी, कुमुदताईंनी आईवडिलांचे पिंड दिले. पंड्याने विचारलं, "और कोई?" दमयंतीने कोपराने ढोसलं होतं, "अहो ताई, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. नऊच झालीत अजून." पण बाई थकल्या होत्या हो! वाट तरी किती बघायची माणसाने? तीळ घातलेल्या भाताचा तिसरा गोळा त्यांनी वळला आणि सत्यजीतचं नाव घेतलं. बोटं गारठ्याने बधिर झाली होती, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच त्यांना आता लाज वाटत होती.

मंडळी पानांवर बसणार तोच फोन वाजला. नंबर अनोळखी. कुमुदताई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

"कुमुदजी? मैं शांती, जोशीमठ के आश्रम से." आवाज बाईचा, प्रेमळ. "सत्यजीत भैया ठीक से घर पहुँच गए?"

कुमुदताईंनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"कौन... कौन सत्यजीत?"

शांती हसली आणि सांगत गेली. नऊ वर्षांपूर्वी गुराख्यांना दरीत एक माणूस सापडला होता. डोक्याला मार, वाचा गेलेली, ना नाव ना गाव. आश्रमातच राहिला, बागेला पाणी घालायचा. आणि गेल्या अकरा तारखेला सकाळी तुम्ही आलात.

"आप ही ने तो नाम बताया उनका, यह नंबर भी आप ही लिखकर दे गईं! अपने हाथ से तिलवाला चावल खिलाया. नौ साल में पहली बार बोले वो... 'ताई'. फिर आप हाथ पकड़कर नदी की तरफ ले गईं. चप्पल यहीं रह गई उनकी."

अकरा तारीख. सकाळ. त्या वेळी कुमुदताई ब्रह्मकपालावर बसलेल्या होत्या, दमयंती साक्षीला होती.

सत्या जिवंत होता! आनंदाने छाती फुटायची वेळ आली, आणि पाठोपाठ तो तिसरा गोळा आठवला. जिवंत होता, आणि मी त्याला पिंड दिला. आणखी तीन वर्षं मला दम धरवला नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या रडू लागल्या.

"शांतीबहन, वो मैं नहीं थी," त्या कशाबशा म्हणाल्या. "मैं वहाँ आई ही नहीं... मेरे भाई को ढूँढो. नदी पर किसी को भेजो... हात जोडते तुम्हाला..."

बाहेरून दमयंती हाका मारत होती, "कुमुदताई, वाढायला घेतलंय, या ना!"

"ऐसा मज़ाक मत कीजिए." शांतीचा आवाज एकदम खाली आला. "आप तो... आप तो फाटक पर खड़ी हैं. अभी. हाथ में चावल की पत्तल है."

"नहीं... मी पनवेलला आहे..."

"किसी को बुला रही हैं. रुकिए... आप ही सुनिए."

फोनमध्ये वारा घोंघावला. मागून नदीचा आवाज आला. आणि त्यातून, लांबून, लहान मुलाला घास भरवताना काढतात तसा लाडिक, कुमुदताईंचा स्वतःचाच आवाज आला.

"कुमुद... ये गं. आ कर."

कुमुदताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. तरी दाताखाली तीळ आला, कडवट.